निफाडचं पहिलं मागणं

फोन आला तेव्हा मी माझ्या गावी, तिकडे भंडारा जिल्ह्यात, भाचीच्या लग्नाच्या मांडवात उभी होते. मूठभर अक्षता हातात होत्या. मोबाइलवर रेहानाचं, माझ्या शेजारच्या दुकानातल्या इक्बालचाचांच्या मुलीचं, नाव दिसलं, आणि रेहाना मला कधीच फोन करत नाही. "वनिताताई, अब्बा गेले. दुपारी दुकानातच..." एवढंच बोलली. मागे बायकांचा आवाज येत होता. मी अक्षता टाकल्या, कुणाच्या डोक्यावर पडल्या ते पाहिलं नाही. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर दफन होणार होतं आणि देवळाली माझ्यापासून एक अख्खी रात्र लांब होती. मांडवात जो तो म्हणत होता, किती वर्षांनी घरी आलीस, बस, जेव. आणि मला मात्र आपण भलत्याच मुलखात अडकून पडलोय असं होत होतं. घरी असताना घराची इतकी घाई मला पहिल्यांदाच झाली.

देवळाली कॅम्पाच्या बाजारात माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. जवानांच्या वर्दीवर नावाच्या पट्ट्या, फिती शिवून द्यायच्या, पँटी आखूड करायच्या, असली कामं. त्याला लागूनच इक्बालचाचांचं दुकान. झेरॉक्स, टायपिंग, फॉर्म भरणे. मधे एक भिंत, तीही एवढी पातळ की माझं मशीन थांबलं की ते पलीकडून विचारायचे, "वनिता, दोरा तुटला की मूड?" मी मावशीबरोबर इकडे आले तेव्हा माझी आठवीनंतर शाळा सुटलेली होती. बोलताना तोंडून "मी येऊन राहिली" असं निघायचं आणि बाजारातली पोरं हसायची. चाचा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "येऊन राहिली ना? मग राहा." हे एवढं एक वाक्य मला तेव्हा किती दिवस पुरलं, ते आता कुणाला सांगू...

आता त्यांच्या खुळाबद्दल. हो, खूळच म्हणायचे सगळे. फार वर्षांपूर्वी लडाखकडचा एक जवान तोफखान्याच्या ट्रेनिंगला आला होता. बर्फावरची हॉकी खेळणारा. तो जाताना चाचांच्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून गेला. त्यात आपण काही खेळायचं नसतं. आपण संघ बनवायचे, कोण पुढे, कोण मागे, गोलात कोण ते ठरवायचं आणि बटण दाबायचं. मग कॉम्प्युटर स्वतःच सामना खेळतो आणि पडद्यावर ओळीमागून ओळ येते, याने पास दिला, त्याने अडवलं, गोल. चित्र नाही, आवाज नाही. चाचांनी त्यातले सगळे परदेशी संघ पुसून टाकले आणि आपला जिल्हा आत बसवला. देवळाली, लासलगाव, निफाड, मालेगाव, सिन्नर, इगतपुरी. आणि त्यासाठी एक वेगळा इतिहासच रचला. त्यांच्या इतिहासात इंग्रजांच्या काळात छावणीत बर्फाचा कारखाना निघाला, तोफखान्याच्या शिपायांनी उरलेल्या बर्फाचं मैदान केलं आणि हा खेळ रेल्वेच्या रुळांबरोबर स्टेशना-स्टेशनाला पोचला. त्या जगात क्रिकेट म्हणजे रिकामटेकड्यांचा, उन्हात बसून बघायचा खेळ. खरा खेळ बर्फावरचा.

मी म्हटलं, चाचा, मला तर बर्फ गोळ्याच्या गाडीवरचा ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्यांनी मासळीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, गोणपाटात गुंडाळलेली, आणि दुकानाच्या पायरीवर मांडली. कॅरमचा स्ट्रायकर माझ्या हातात दिला. "ढकल." मी हलकेच ढकलला, तर तो लादीवरून सुसाट जाऊन खाली रस्त्यावर, एका हवालदाराच्या बुटाला लागला. हवालदाराने उचलून पाहिला, वास घेतला, परत दिला. चाचा म्हणाले, "बघ, जोर किती लावला? आणि गेला किती? हा खेळ असा आहे. त्यात थांबवणं अवघड." त्या दिवसापासून निफाडचा संघ माझा. निफाडच का, तर पहिल्यांदा इकडे येताना आमची गाडी तिथे बराच वेळ उभी होती, आणि खिडकीतून द्राक्षांचे मळे बघून मला वाटलं होतं, इथे जमेल आपल्याला. संघाला मात्र काही जमलं नाही. दर हंगामात हरायचे.

हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा, होळीपर्यंत चालायचा. रविवारी दुपारी दुकानात सामने. लासलगावचे भाऊसाहेब यायचे, कांदा मार्केटात हमालांचे मुकादम होते, लासलगावचा संघ अर्थातच त्यांचा. चाचा पडद्यावरच्या ओळी वाचायचे, पण वाचता वाचता त्यात आपलं घालायचे. कॉम्प्युटर नुसतं म्हणायचा, खेळ थांबला. चाचा म्हणायचे, लासलगावच्या बर्फावर पुन्हा कांद्याची सालं उडून आली आहेत, पंच केरसुणी मागवत आहेत. भाऊसाहेब चिडायचे. "आमच्याच मैदानात सालं कशी? निफाडला द्राक्षाच्या काड्या नाय का उडत?" आणि हंगाम संपला की चाचा सगळ्या हंगामाचा वृत्तांत लिहून मोठ्याने वाचायचे, एखाद्या पेपरात छापून आल्यासारखा. मला म्हणाले, निफाडचं तू लिही. मी घाबरत घाबरत लिहिलं, निफाडचा संघ हरला. त्यांनी कागद परत दिला. "हरला, एवढंच? कसा हरला? कोण रडलं? घरी कशाने गेले?" मी आज ज्या काही चार ओळी लिहू शकते, त्या या तीन प्रश्नांमुळे. शाळेत मला असे प्रश्न कुणी विचारले नव्हते. विचारले असतील तर मी पळून गेले असेन.

त्यांच्या लीगमध्ये चषक नव्हता. जिंकणाऱ्याला एक मागणं मिळायचं. म्हणजे त्या जगाच्या इतिहासात एक गोष्ट बदलून मागायची. पुढच्या हंगामात ती गोष्ट पहिल्यापासून तशीच होती असं धरून चालायचं. भाऊसाहेबांनी एकदा लासलगावच्या फलाटावर लांबच लांब छप्पर मागितलं. चाचांनी दिलं, आणि मग महिनाभर त्याचे परिणाम काढत बसले. छपरामुळे सावली, सावलीमुळे हमाल दुपारी तिथे, हमालांमुळे संघाला दणकट खेळाडू. नियम दोनच. मागणं गावासाठी मागायचं, घरासाठी नाही. आणि मेलेल्याला उठवायचं नाही.

हा दुसरा नियम कशासाठी, ते मला चाचांची बायको, हमीदाचाची, वारल्या त्या वर्षी समजलं. त्या हंगामात नेमकी देवळाली जिंकली, चाचांचा स्वतःचा संघ. आम्ही सगळे खाली बघत बसलो. भाऊसाहेबच हळूच म्हणाले, नियम तुमचाच हाय चाचा, तुम्हीच मोडा, आम्ही काय बोलणार नाय. चाचा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, बाजारात बारा महिने पाण्याचा नळ. परत जाताना मी विचारलं, का नाही मागितलं? ते म्हणाले, "तिला उठवली तर ती मी म्हणेन तेच बोलणार ना? हमीदा माझं ऐकायची असं तुला कधी दिसलं का?"

आणि आता या वर्षी अंतिम सामना निफाड आणि देवळालीचा ठरला होता. मी लग्नाला निघताना ते म्हणाले, जाऊन ये, तू आल्याशिवाय बटण दाबणार नाही. मी परत आले तेव्हा दुकानाला कुलूप होतं आणि सामना तसाच राहिलेला. रेहाना, चाचांची एकुलती एक मुलगी, मालेगावात असते. यंत्रमागाचं घर, दोन पोरं. दुकानाची जागा महिनाअखेर सोडायची होती. ती आवरायला आली तेव्हा मी म्हटलं, एक सामना राहिलाय. ती थकलेली होती. बापाच्या या खुळावर ती नेहमी चिडायची. पण म्हणाली, करा तुमचं काय ते, मग कॉम्प्युटर बंद करू.

भाऊसाहेब आले. देवळालीचा संघ चाचांनी लावून ठेवला होता तसाच ठेवला, मी निफाडचा. बटण मी दाबलं. ओळी भाऊसाहेब वाचू लागले, अडखळत. बरोबरी झाली. मग जादा वेळ, त्यात पहिला गोल करील तो जिंकला. त्या वेळी मला देवळालीच जिंकावी असं वाटत होतं, मनापासून. देवळाली जिंकली असती तर मागायला कुणीच नव्हतं, विषय मिटला असता. निफाडने गोल केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा निफाड जिंकलं, आणि मागणं आता मला मागायचं होतं.

"मागा ताई," भाऊसाहेब म्हणाले. "लय वर्षं थांबल्या तुम्ही."

रेहाना खोक्यात कागद भरत होती. ती थांबली. "वनिताताई, अब्बांना आणा." मला आधी वाटलं, ती थट्टा करतेय. पण ती रडत होती. म्हणाली, गेमच तर आहे. एकच ओळ लिहायची. त्या दुपारी त्यांना बरं वाटत नव्हतं म्हणून ते दुकान बंद करून दवाखान्यात गेले, आणि मग घरी आले. "मी बकरी ईदला आले होते, त्यानंतर थेट त्यांच्या मातीलाच आले. तुमच्या त्या जगात तरी ते असू देत. मला कुठे तिथे जायचंय? नुसतं माहीत असलं तरी पुरे."

ज्याचा नियम, त्याचीच मुलगी मोडायला सांगत होती. नाही म्हणायची मी कोण? आणि हो म्हणायची तरी कोण? मी म्हटलं, मला थोडा वेळ दे, आधी वृत्तांत लिहिते. दुकान रिकामं झालं. कॉम्प्युटर भंगारात देण्यापेक्षा तुम्हीच ठेवा म्हणून तिने मला दिला, तो माझ्या मशीनजवळ येऊन बसला. त्यानंतरचे दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. एका जवानाच्या नावाची पट्टी मी उलटी शिवली. मशीन थांबलं की भिंतीकडे बघायची. पलीकडे आता मोबाइलची कव्हरं विकतात, गाणी लागतात. एकदा ती ओळ लिहूनही पाहिली. चाचा दवाखान्यातून घरी आले. मग मी पुढे लिहायला गेले तर ते काही बोलेनात. मी म्हणेन तेच बोलणार होते ते. दोराबिरा काही विचारेनात. मी तो कागद फाडला.

रेहानाला फोनवर नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून एका सकाळी वृत्तांताचे कागद घेऊन मालेगावला निघाले. कॅम्पातून नाशिकरोडला रिक्षा. तिथून शहराची बस. शहरात उतरून मालेगावच्या गाडीसाठी थांबले, ती आली तर भरलेली, दुसरीची वाट. शेजारी एक बाई, काखेत पोर, हातात डब्याची पिशवी, तिची बस चुकलेली. उन्हात उभी राहून मी विचार करत होते की दोन पोरं घेऊन, संध्याकाळी परतायच्या बोलीवर, हे सगळं रेहानाने कितीदा केलं असेल, आणि कितीदा सकाळी उठून, आवरून, शेवटी नको म्हणून फोन केला असेल. तशी चौकशीच्या खिडकीपाशी गेले. कॅम्पातून मालेगावला थेट गाडी आहे का? आतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, नाही, आणि कधी नव्हतीच. कधी नव्हतीच म्हणाला... मी गाडीत बसले, पर्समधून पेन काढलं आणि कागदाच्या पाठीमागे लिहायला लागले. गाडीच्या धक्क्यांनी अक्षर वाकडंतिकडं आलं.

रेहानाच्या घरी मागच्या खोलीत माग चालू होते, खटाखट आवाजात एकमेकींचं बोलणंही नीट ऐकू येत नव्हतं. चहा झाला. मी तिला सांगितलं, त्यांना नाही आणता येणार गं. मग मी वाचायला सुरुवात केली. हंगाम, सामने, निफाडचा गोल. आणि शेवटी पाठीमागचं: "विजेत्या निफाडचं मागणं असं आहे. देवळाली कॅम्प ते मालेगाव, थेट बस. ही बस आज सुरू झालेली नाही, ती पूर्वीपासूनच आहे. तिच्यामुळे मालेगावचे लोक देवळालीचे सामने बघायला येतात आणि पंचाशी भांडून जातात. दर रविवारी या बसमधून एक बाई डबा घेऊन उतरते. झेरॉक्सच्या दुकानातला माणूस अर्धं शटर ओढून जेवायला बसतो, मीठ कमी आहे म्हणतो. तो माणूस या हंगामात वारला. पण त्याच्या आदल्या रविवारीही बस वेळेवर आली होती."

रेहाना उठून आत गेली. मागांचा आवाज बंद झाला. परत आली तेव्हा तिने तोंडावर पाणी मारलेलं होतं. कागद तिने मागून घेतला, पुन्हा वाचला. मग एखादी नवी गाडी सुटल्याचं कळल्यावर विचारावं तसं तिने विचारलं, "किती वाजता निघते इथून?"

मी तेवढा विचारच केला नव्हता. चाचांनी लगेच सांगितलं असतं, कुठे थांबते, कंडक्टर कोण, डबा तोवर गरम राहतो की नाही... मी परत आले तेव्हापासून दुपारी काम संपलं की मशीनवर कापड टाकते, कॉम्प्युटरपाशी बसते आणि वेळापत्रक मांडते. वाटेत चांदवडला थांबा द्यावा की नाही, तिथे अडकले आहे. चांदवडला थांबली तर ती देवळालीत जेवायच्या वेळेनंतर पोचते.