बॅटरी पलंगाखाली, तरी इंजिन गरम

आधीच सांगतो, भूतबीत मी मानत नाही. नुसतं कार्बोरेटर समजायला मला सात वर्षं लागली, भूत समजायला वेळ कुठून आणू... शाळेने मला चौथीतच हात जोडले, म्हणून हे मी फोनमध्ये बोलतोय आणि फोन लिहितोय. चुका सापडल्या तर अर्ध्या त्याच्या.

राहतो ग्वाल्हेरला, लश्कर नावाच्या भागात, नया बाजारच्या मागच्या गल्लीत. धंदा मेकॅनिकचा. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं — माझं पहिलं, वैशालीचं दुसरं. तिचे पहिले यजमान, श्रीकांतराव, हार्ट अटॅकने गेले. हो, मी त्यांना राव लावतो. गेलेल्या माणसावर जळायचं तर निदान अदबीने जळावं. बी.ए. झालेले, सरकारी नोकरी, आणि अक्षर असं की त्यांचं एक जुनं पत्र बघून मी आठवडाभर सही करायला लाजत होतो. त्यांची पांढरी मारुती वैशालीबरोबर माझ्या दारात आली.

वैशाली मुरारला एका दवाखान्यात नर्स आहे. सातची ड्यूटी, साडेसहाला निघते. या जानेवारीत गाडीने नाटक सुरू केलं. थंड इंजिनावर सेल्फ मारला की धडधडायची, झटके द्यायची, दोनदा बंद पडायची. एकदा गरम झाली की दिवसभर शहाणी. मी प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला, फिल्टर बदलला. काही फरक नाही. मेकॅनिकच्या बायकोची गाडी रोज सवेरे गल्लीत खोकतेय... माझ्या दुकानाची जाहिरातच ती.

एक दिवस तिला फार उशीर झाला. स्टिअरिंग धरून म्हणाली, "श्रीकांतराव होते तेव्हा असं नव्हतं हो. ते आधी उठून दहा मिनिटं गाडी गरम करून ठेवायचे. मला नुसतं बसायचं असायचं."

"त्यांना झोप येत नसेल," मी म्हणालो.

"झोप सगळ्यांना येते," ती म्हणाली, आणि गाडी परत बंद पडली.

मी तेव्हा रजाई पांघरून दारात उभा होतो.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. थंड इंजिनाचा रोग पकडायचा तर दिवसात एकच चान्स मिळतो. गाडी रात्रभर उभी पाहिजे आणि पहिला सेल्फ तुम्हीच मारला पाहिजे. एकदा चालू झाली की रोग लपला, मग उद्या या. म्हणून मित्राकडून स्कॅनर, म्हणजे इंजिनाची नाडी बघायचं मशीन, मागून आणलं आणि दुसऱ्या दिवशी सव्वासहाला बाहेर गेलो. असा मी लग्नाच्या दिवशीसुद्धा उठलो नव्हतो.

गल्लीत कोहरा, चार पावलांवरचं दिसेना. गाडी दवाने ओलीचिंब, काचेवरून पाणी गळतंय. फक्त बोनेट कोरडं. हात ठेवला... गरम. चहाच्या कपासारखं.

वैशाली आत आंघोळीला. दोन्ही चाव्या रात्रभर माझ्या उशाखाली होत्या. सेल्फ मारला तर एकात लागली, शिलाई मशीनसारखी चालायला लागली. वैशाली आली, हसून म्हणाली, "अहो, केलीत की बरोबर." गप्प राहिलो असतो तरी ठीक होतं. मी म्हणालो, "बारीक फॉल्ट होता."

दुसऱ्या दिवशी तेच. त्या संध्याकाळी मी बॅटरीच काढली आणि आणून पलंगाखाली ठेवली. सवेरे बॅटरी पलंगाखाली, बोनेट गरम. मी बोनेट उघडून बॅटरीची रिकामी जागा बघत होतो. तेवढ्यात समोरच्या खिडकीतून गुप्ताजी म्हणाले, "भाईसाब, तीन दिन से देख रहा हूँ, रोज दस मिनट गाड़ी खड़ी-खड़ी चलाते हो. धुआँ सीधा हमारी रसोई में आता है."

"आज भी आया?"

"अभी-अभी तो बंद की आपने."

मी माफी मागितली. कौतुक घेतलं होतं, शिव्या कोणाला देणार. मग पळत जाऊन बॅटरी आणली, वैशाली यायच्या आत लावली.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू, जळफळाट जास्त झाला. मेलेला माणूस माझ्या बायकोसाठी थंडीत उठतोय आणि जिवंत मी घोरतोय. त्यात वैशाली फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "आमच्या ह्यांनी ठीक केली." दोन वर्षांत पहिल्यांदा तिने कोणाजवळ माझं नाव मोठं केलं, आणि काम त्यांचं. खरं सांगितलं तर ती परत त्यांची होणार. नाही सांगितलं तर मी चोर.

चौथ्या दिवशी साडेपाचलाच जाऊन गाडीत बसलो, रजाईसकट. बाजूच्या रिकाम्या सीटला म्हणालो, "श्रीकांतराव, उपकार झाले. पण आता ती माझी बायको आहे. थंडीत मी उठतो. तुम्ही आराम करा." शिकलेल्या माणसाशी बोलताना जीभ अडखळली, तीन वेळा बोलावं लागलं.

काही झालं नाही. सव्वासहाला खाली उतरून हात लावला, बोनेट बर्फ. स्कॅनर लावला आणि रोग समोर — बाहेर पाच डिग्री, आणि कूलंटचा सेन्सर सांगतोय इंजिन ऐंशी डिग्री गरम. आपण गरमच आहोत असं समजून गाडी पेट्रोल कमी घ्यायची, म्हणून झटके. अंगठ्याएवढा सेन्सर. बदलला. तेव्हापासून एका सेल्फमध्ये लागते.

त्या दिवशी जेवताना वैशालीला सगळं सांगितलं. ती हसली नाही. पोळीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसली.

"तुम्ही त्यांना जा म्हणालात?"

"आराम करा म्हणालो."

"एक दिवस आधी सांगायचं होतं हो," ती म्हणाली. "मी बोनेटला हात तरी लावला असता."

मला याचा खुलासा आजपर्यंत सापडला नाही. मित्र म्हणतो, सेन्सर खोटं बोलत होता तसा तुझा हातही बोलला असेल. मग गुप्ताजींचं नाक काय बोलत होतं... बॅटरीशिवाय गाडी कशी चालली, हे मोठमोठ्या मेकॅनिकना विचारलं. ते माझ्याकडे बघतात आणि चहा मागवतात.

गाडी आता ठीक आहे, गरम करायची काही गरज नाही. तरी मी रोज सव्वासहाला उठून दहा मिनिटं गरम करतो. वैशाली येते, बसायच्या आधी बोनेटवर हात ठेवते, जरा वेळ तसाच राहू देते. मी बाजूला उभा असतो. तो हात कोणासाठी, हे मी विचारत नाही.