तीन फर्लांगांची फटफटी

माझी बायको हे न ऐकताच गेली. माझे थोरले भाऊ, दादा, तेही गेले. म्हणजे ज्यांना सांगायला हवं होतं त्यातली निम्मी माणसं आता ऐकायला नाहीत, आणि मी तुम्हाला सांगत बसलोय. तुमची-माझी तर ओळखसुद्धा नाही. कदाचित म्हणूनच.

आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. ते अधूनमधून विचारतात, रोज जवळच्या जवळच चालवली तर मोटारसायकल खराब होते का हो, तुमच्याकडे होती ना पूर्वी? मला अशी चीड येते! होते, बाबा, होते. इंजिन तापत नाही, प्लगवर काजळी धरते, सायलेन्सर तुंबतो, बॅटरी भरत नाही. एवढं तोडून सांगतो आणि विषय बदलतो. पुढचं सांगत नाही. पण सांगण्यासारखं जे आहे ते पुढेच आहे ना?

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मोताळ्याच्या शाळेत मास्तर होतो. थोरले दादा शेती बघायचे. त्यांनी एका ठेकेदाराची वापरलेली फटफटी घेतली. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. त्यांना स्वतःला ती चालवता येत नव्हती. "तू शिकलेला हाय, तूच चालव," म्हणाले. झालं.

घरापासून शाळा तीन फर्लांग. पायी आठ मिनिटं. फटफटीवर? ती अंगणातून ढकलत बाहेर काढायची, धोतर सावरायचं, दहा-बारा किका मारायच्या, धुराने शेजाऱ्यांच्या शिव्या खायच्या, आणि ती कुठे जरा गरम होतेय तोवर शाळेचं फाटक. पायी गेलो असतो तर हजेरी घेऊन झाली असती. तरी मी फटफटीच न्यायचो. बाजारातून जाताना लोक माना वळवून बघायचे ना!

गाडी सारखी बिघडायची. बसस्टँडजवळ भगवान मिस्त्रीचं दुकान होतं. पंचविशीतला मुलगा, बौद्ध घरातला, अकोल्याला गॅरेजात काम शिकून आलेला. गावातले मोठे शेतकरी विहिरीवरची इंजिनं त्याच्या हाती द्यायला कां-कूं करायचे. कारण कोणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. दादांनी मात्र फटफटी त्याच्याकडे दिली, तेव्हा हळूहळू बाकीचेही यायला लागले. हात चांगला होता त्याचा. आणि तोंडही स्पष्ट.

"गाडी तापतच नाही हो गुरुजी," तो म्हणायचा. "तापाले लागली का तुम्ही बंद करता. आठवड्यातून एक डाव बुलडाण्यापावतर नेऊन आना तिले. नाहीतं सरळ पायी जात जा शाळेत."

पायी जात जा! दर वेळी तेच. मला त्याचा राग यायचा. आता कळतं, तो खरं बोलायचा म्हणून यायचा.

पण बुलडाण्याला जायचं म्हणजे राजूर घाट. मी एकदाच गेलो होतो, अगदी सुरुवातीला. वळणावर समोरून कापसाच्या गाठींचा ट्रक आला आणि मी गाडीसकट कडेच्या नालीत. लागलं फारसं नाही. पण पुन्हा तिच्यावर बसलो नाही, फटफटी ढकलत घाट उतरलो. कुणाला सांगितलं नाही. दादांनी भगवानचं ऐकून दर रविवारी बुलडाण्याला जायचं फर्मान काढलं, तेव्हाही नाही. मी काय करायचो, माहितीये? रविवारी रुबाबात निघायचो, गावाबाहेरच्या पुलापर्यंत जायचो, फटफटी बाभळीच्या आडोशाला लावून दोन तास पुलावर बसायचो आणि परत यायचो. दादा विचारायचे, "झाला का घाट?" मी म्हणायचो, "झाला."

दादांची शांता तेव्हा अठराची. घरातली पहिली मॅट्रिक पास मुलगी. तिला बुलडाण्याहून शिक्षिकांच्या ट्रेनिंगच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी अकराची वेळ. आठच्या एसटीने आरामात पोचली असती. पण आदल्या दिवशी दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "एसटीत काऊन रेटारेटी कराची? घरी फटफटी हाय. काका नेईल तुले."

मी काय म्हणायला हवं होतं? दादा, मला घाटात भीती वाटते. पाच शब्द. मी म्हणालो, "नेतो नं."

सकाळी एसटी गेली. साडेआठला मी किक मारली. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा मारली, पुन्हा मारली. नाहीच. खरं सांगू? मला हलकं वाटलं. घामाघूम होऊन किका मारत होतो, तोंडाने गाडीला शिव्या देत होतो, आणि मनातून म्हणत होतो, नको होऊस गं सुरू.

दादांनी भगवानला बोलावलं. तो धावत आला. प्लग काढून बघितला — काळाठिक्कर, ओला. नवा बसवून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. त्याने तो घासला, पुसला, वाळवला, कुठे कुठे हात घातला. तोवर अंगणात आळीतली माणसं जमली. सव्वानऊला फटफटी सुरू झाली. चांगली सुरू झाली. वेळही होती.

"चला नं काका," शांता म्हणाली. नवं लुगडं, हातात सर्टिफिकेटांची पिशवी.

आणि मी म्हणालो, "या गाडीचा भरवसा नाही. पंधरा दिवस नाही झाले यानं दुरुस्त करून. घाटात बंद पडली तं पोरीले घेऊन मी काय करू?"

भगवान उठून उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, दर रविवारी बुलडाण्याले नेत होते नं तुम्ही गाडी?"

"हाव. दर रविवारी."

त्याच्या हातात प्लग पुसलेलं फडकं होतं, काजळीने भरलेलं. त्याला कळलं होतं. दर रविवारी घाट चढणाऱ्या गाडीचा प्लग असा होत नाही, हे तिथे फक्त आम्हा दोघांनाच कळत होतं. त्याने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "मंग मी सोडतो ताईले. अकराच्या आत पोचवतो."

माझी अजूनही खात्री आहे, दादा हो म्हणाले असते. मी घाईने बोललो, "परक्याच्या मागं बसवून पाठवता का दादा पोरीले?"

परक्याच्या! मी कोणता शब्द गिळून हा शब्द वापरला, ते अंगणातल्या प्रत्येकाला समजलं. भगवानलाही. दादांनी मान खाली घातली.

शांता नंतरच्या एसटीने गेली. पोचली तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, अमडापूरला दिलं तिला. आणि भगवान? मास्तरसारखा माणूस म्हणतो म्हणजे खरंच असणार. लोकांना निमित्तच हवं होतं, ते मी दिलं. रोहिणखेडच्या एकाने त्याच्या दुकानात खोलून ठेवलेलं इंजिन तसंच बैलगाडीत टाकून परत नेलं. दोन-तीन महिन्यांत दुकान बंद झालं. तो कुठे गेला, मी कधी विचारलं नाही. विचारता आलं असतं. त्याची आई गावातच होती, माझ्या शाळेवरूनच कामाला जायची.

तुम्ही म्हणाल, भीती कुणाला वाटत नाही? वाटते. पण भीतीने फार तर मी पुलावर बसलो असतो. अंगणात जे बोललो, ते भीतीने नाही माझ्याकडून वदवून घेतलं. ते मला आयतं सुचलं. पटकन सुचलं.

शांताची आता नातवंडं शाळेत जातात. त्यांचा अभ्यास तीच घेते, आणि फार छान घेते. त्या मिस्त्र्यामुळे आपलं ट्रेनिंग हुकलं, असंच ती आजही धरून आहे. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे चार दिवस राहिलो. दुपारी आम्ही दोघंच असायचो. ती तांदूळ निवडायची, मी समोर खाटेवर. चारही दुपारी मी तिच्याशी कापसाच्या भावाबद्दल बोललो.