भिंतीवरची न चमकणारी जागा

ओल्या भिंतीला टेकू नका, असं रंगाऱ्याने बजावूनही मी टेकलो... आणि सोनेरी पाठ घेऊन भाजी आणायला गेलो. बाजारात लोक बाजूला होऊन वाट देत होते. मला वाटलं, वय झालं, मान देतात!

हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, यानेच टेकून डाग पाडला असेल. भूत-आत्मा वगैरेवर माझा काडीचा विश्वास नाही. आडव्या गेलेल्या मांजरीला हॉर्न वाजवणारा माणूस आहे मी.

आम्ही अमरावतीला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. सासरे बार्शीटाकळीचे, शेतीवाले. लेकीच्या घरी बसायचं नाही, खायचं नाही, ही त्यांची रीत. कामाला अमरावतीत आले तरी खाली गेटवरून मंदाला – म्हणजे माझ्या बायकोला – हाक मारायचे, उभ्या उभ्या बोलायचे आणि परतीची बस धरायचे. नजर अधू झाली, तरी हट्ट तोच. मागच्या हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, अकोल्याला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा कुठे "येतो तुह्या घरी" म्हणाले. मंदा त्यांची एकुलती एक लेक. तिला तर आभाळ ठेंगणं झालं.

दवाखान्यातूनच तिने फोनवर हुकूम सोडला, "बाबाले आता चमकते तेवढंच दिसते. त्यायच्या खोलीतली खिडकीसमोरची भिंत सोनेरी करून घ्या. सकाळ झाली हे तरी समजन त्यायले."

परतवाड्याचे सलीमभाई आले. आधी साधा रंग, त्यावर रोलरने मेटॅलिकचे हात. माझ्या पाठीचा ठसा त्यांनी शिव्या आवरत बुजवला. भिंत अशी झळकली, की मलाच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन आलं आणि दिसलं – दिवाणाच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीवर, तळहाताएवढी जागा चमकतच नव्हती.

"भाऊ, पुन्हा टेकले ना तुमी?"

"आईशप्पथ नाही!"

त्यांनी पुन्हा रोलर फिरवला. वाळल्यावर डाग परत. मग पार प्लास्टरपर्यंत खरवडून पुट्टी, प्रायमर, सगळं नव्याने केलं. पुन्हा तिथेच! मागे नळ नाही, बाथरूम नाही, कोरडा जिना आहे. मी बोट लावून पाहिलं, तर तेलकट. वास खोबरेलचा... त्यात कापराचा. आता माझ्या डोक्यावर तेल लावावं असं काही उरलेलं नाही, हे सलीमभाईंनाही दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"भाऊ, या भिंतीसाठी मले आता बोलवू नका." रोलर तिथेच टाकून गेले.

मी मंदाला फोन लावला. डागाचं सांगणार, तर तीच हसत म्हणाली, "बाबा सकाळपासून एकच बोलून राहिले – 'मंदे, तुह्या घरी बसून आलो व. भिंत मस्त झळकते.' तुमी सांगतलं काय त्यायले?"

"मी? माझं कुठे बोलणं झालं त्यांच्याशी?"

"मीबी नाही सांगतलं. अचानक दाखवू म्हटलं होतं."

"मंदा... बाबा डोक्याला काय लावतात?"

"खोबरेल. कापूर टाकून. काहून?"

"काही नाही. उशीची खोळ जास्तीची घेऊ म्हटलं."

दवाखान्यातून सोडायचं ठरलं होतं. त्याआधीच दुसरा झटका आला आणि ते गेले. अकोल्याहून त्यांना थेट बार्शीटाकळीला नेलं. अमरावती त्या वाटेवर येतच नाही.

रंगाच्या दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला ओल असेल. एका इंजिनिअर मित्राने तर घरी येऊन भिंतीला कानही लावला. पटण्यासारखं कोणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. डाग अजून आहे.

तेरवी आटोपून घरी आलो, तेव्हा दार उघडायच्या आधीच मी मंदाला सगळं सांगून टाकलं. ती खोलीत गेली. भिंतीला हात लावला नाही. दिवाणावर न बसता खालीच बसली, आणि म्हणाली –

"बाबा जिंदगीत पयल्यांदा माह्या घरी आले, अन् मीच घरी नोती... तुमी चहा तरी विचारला काय त्यायले?"