एस्तेरबाईंचं इन्शुलिन

शनिवारी दुपारी जेवून जरा आडवा होतो. बाहेर चर्चच्या मैदानावर माईकवाला 'हॅलो, हॅलो' करतोय आणि माझे डोळे मिटतायत. मी इथला पाळक. संध्याकाळी चंगाई सभा आहे, प्रार्थनेनं आजार बरे करण्याची. येणारे पाहुणे स्वतःला संदेष्टा म्हणवतात आणि आजाऱ्यांना औषधं स्टेजवरच्या टोपलीत टाकायला लावतात. त्यांच्या शेजारची खुर्ची माझी.

उशाशी भांबळसाहेब बसलेत. माझ्या आधीचे पाळक, त्यांचा दफनविधी मीच केला होता. आता ते बशीत चहा ओतून फुंकतायत.

"सलाम, साहेब. तुम्ही तर गेलात ना?"

"गेलो की. संडेस्कूलच्या एस्तेरबाई आज इन्शुलिन टाकणार म्हणे?"

"त्यांचा विश्वास आहे, साहेब."

"आणि तुझा?"

खरं सांगायचं तर मला बाईंच्या जिवाची भीती वाटते, आणि गर्दीचा मोहही सुटत नाही. आमच्या उपासनेला निम्मे बाक रिकामे असतात.

खोलीचा मिशन हॉस्पिटलचा वॉर्ड झालाय. साहेब एकेका खाटेशी थांबत पुढे चाललेत.

"तुम्हीही आजाऱ्यांवर हात ठेवायचात," मी चिडून म्हणतो.

"ठेवायचो. मग डॉक्टरला हाक मारायचो. काही उठले, काही गेले. पण कुणाच्याही घरी जाताना मला तोंड लपवावं लागलं नाही."

वॉर्डच्या दाराबाहेर आमची दफनभूमी. नवा खड्डा खणलाय. काठावर एस्तेरबाई पाय सोडून बसल्यात, मांडीवर इन्शुलिनचा डबा.

"पाळकसाहेब, टाकू ना?"

भांबळसाहेब माझ्या हातात माती देतात. "संदेष्टे उद्या सकाळच्या गाडीनं जातील. माती द्यायला तूच राहणार. घे, आत्तापासून सवय कर."

"नाही!" मी ओरडतो.

त्या ओरडण्यानंच जाग येते. उजवी मूठ घट्ट आवळलेली आहे. उघडतो, तर आत ओली काळी माती. हात न धुताच मी एस्तेरबाईंना फोन लावतो.

"बाई, इन्शुलिन टाकायचं नाही. संध्याकाळी माईकवरूनही मी हेच सांगणार आहे."



"मग पाळकसाहेब, काल मी तुम्हाला विचारलं, तेव्हा 'आमेन' का म्हणालात?"