नाही म्हणणारी पार्तिनी

मेनोरेहच्या डोंगरात 'नाही' हा शब्द आहे, पण तो वापरायचा नसतो. कुणी काही विचारलं की मान तुकवून 'इंगिह' म्हणायचं. इंगिह म्हणजे हो. पण 'ऐकतेय' म्हणजेही इंगिह, 'बसा ना' म्हणजेही इंगिह, आणि 'तुमचं डोकं फिरलंय, पण तुम्ही पडलात पाहुणे' म्हणजेसुद्धा इंगिहच! अशा गावात पार्तिनीसारखी फटकळ बाई जन्माला यावी, ही वरच्याने केलेली थट्टाच म्हणायची.

लहानपणी तिच्या तोंडाला आई वैतागली, लग्नानंतर नवरा. नवरा गीमान, सकाळ-संध्याकाळ वीस-वीस माडांवर चढून रस उतरवणारा अबोल माणूस. "माडावर कसं शांत वाटतं. तिथे तू नसतेस," एवढंच म्हणायचा आणि हसायचा. बायका तो रस चुलीवर तासन्‌तास आटवायच्या, करवंटीने घोटून त्याची दाणेदार साखर करायच्या आणि खालच्या बाजारातला दलाल देईल त्या भावाला विकून मोकळ्या व्हायच्या.

मग गावातल्या त्रेचाळीस घरांनी मिळून सहकारी संस्था काढली आणि हॉलंडचा एक व्यापारी साखर घ्यायला तयार झाला. त्याची अट एकच. साखर निर्भेळ असल्याचा, माडांना रासायनिक खत नसल्याचा, जळणासाठी जंगल तोडत नसल्याचा दाखला हवा. त्यासाठी गावातलंच कुणीतरी दर महिन्याला घरोघरी चुलीपर्यंत जाऊन तपासणार, आणि चुकलं असेल तिथे तोंडावर 'नाही, चालणार नाही' म्हणणार. सभेत हे वाचून दाखवल्यावर त्रेचाळीस मुंडकी एकदम पार्तिनीकडे वळली. जन्मभर शिव्या खाल्लेल्या तोंडाला पहिल्यांदा पगार सुरू झाला.

सहा वर्षं तिने हे काम केलं. चुलीजवळ कोंबडी दिसली की हाकललीच. पण तिची खरी दुश्मन होती दुकानातली रासायनिक पांढरी पूड. रसात चमचाभर टाकली की रस आंबत नाही, काम सोपं होतं आणि साखर परदेशातून परत येते. पूड सापडली की ते घर वर्षभर यादीतून बाहेर, मग घर कुणाचंही असो. तिसऱ्या वर्षी पूड सापडली ती सासूबाईंच्याच घरात. पार्तिनीने काट मारली.

वाकिनेम, म्हणजे तिच्या सासूबाई, भांडल्या नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. त्या दिवसापासून त्या सुनेला अहो-जाहो करू लागल्या. "सूनबाई, आपण जेवलात का?" "आपल्याला त्रास नसेल तर जरा सरकता का?" शिव्या परवडल्या असत्या हो! वर्षभराने घर यादीत परत आलं, पण अहो-जाहो काही गेलं नाही. पार्तिनी रात्री नवऱ्याला म्हणायची, "तुझ्या आईला सांग, मला एकदा कार्टी म्हण." गीमान म्हणायचा, "इंगिह."

या वर्षी दाखल्याची मुदत संपत आली. पुढच्या महिन्यात कंटेनर सुटायचा होता, आणि दाखला नाही तर कंटेनर नाही. पुन्हा दलालाच्या दारात उभं राहायचं. दाखला देणाऱ्या कचेरीकडून तपासायला आल्या बू रोस्मिदा, म्हणजे रोस्मिदाबाई, थेट दूरच्या मेदान शहरातल्या. तिकडची माणसं तब्येत विचारतात तीसुद्धा भांडायला आल्यासारखी. त्यांनी तीन घरांच्या चिठ्ठ्या काढल्या. दोन घरं निभावली. तिसरी चिठ्ठी निघाली वाकिनेमची.

"तुम्ही सोबत उभ्या राहा," रोस्मिदाबाई तिला म्हणाल्या, "पण साखरेबद्दल एक शब्द बोलायचा नाही. नियम आहे."

सासूबाईंनी चुलीपाशी चटई अंथरली, उकडलेला टॅपिओका आणि वर किसलेलं खोबरं पुढे ठेवलं, आणि हात जोडून बसल्या.

"आजी, रसात पांढरी पूड घालता का?"

"इंगिह."

"रोज?"

"इंगिह, इंगिह."

"ती चालत नाही, ठाऊक आहे ना?"

"इंगिह. खा ना, गार होतंय."

रोस्मिदाबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, मग मला अख्ख्या गावाचा दाखला थांबवावा लागेल. कळतंय का तुम्हाला?"

"इंगिह," सासूबाई गोड हसून म्हणाल्या.

पार्तिनीने जीभ दातांत धरली होती. ही पाहुण्यांची भीडभाड, की तीन वर्षांचा सूड? देवा, त्रेचाळीस घरं गेली! आणि मग तिला सुचलं. म्हातारी सगळ्यालाच हो म्हणते, एवढं बाईंना दाखवून दिलं की झालं.

"बाई, साखरेबद्दल अवाक्षर काढत नाही," ती म्हणाली. "सासूबाईंना एक घरगुती प्रश्न विचारू?"

"विचारा."

"म्बोक," म्हणजे आई, अशी हाक मारून पार्तिनीने गावची बोली सोडून बाईंना कळेल अशा सरकारी भाषेत विचारलं, "पाहुण्यांसमोर सांगा. तुमची सून खोटारडी आहे. पैसे खाते आणि वाटेल ते लिहून देते. हो ना?" आणि सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणा, म्हणा एकदाचं इंगिह.

वाकिनेमने हातातला डाव खाली ठेवला.

"नाही."

पार्तिनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"नाही! कोण म्हणतं असं? आणा त्याला माझ्यासमोर!" म्हातारी मोडक्यातोडक्या सरकारी भाषेत ओरडली. "ही खोटारडी? अहो, चमचाभर पुडीपायी हिने माझा दिवसभराचा रस गटारात ओतला, माझ्या डोळ्यांदेखत! मी रडले. सासू असून हिला हात जोडले, लिहू नको म्हटलं. तर ही म्हणे, तुम्हाला सोडलं तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने धरू? वर्षभर संस्थेने माझी साखर घेतली नाही. तेव्हापासून पुडीला शिवले असेन तर शपथ! शिवले तर ही भवानी रसासकट मलाच ओतून देईल!"

"पण आत्ता तुम्हीच म्हणालात, पूड घालते," रोस्मिदाबाई चक्रावल्या.

"तो चुना हो!" म्हातारीने डबा पुढे आपटला. "चुना आणि मँगोस्टीन फळाची साल. आमच्या आज्यापणज्या हेच घालायच्या."

चुना चालतो, हे बाईंना ठाऊक होतं. "मग मी पूड म्हटल्यावर हो कशाला म्हणालात?"

"तुम्ही एवढ्या लांबून आलात. आल्या आल्या तुम्हाला नाही कसं म्हणू?"

रोस्मिदाबाई अशा खदखदून हसल्या की टॅपिओका घशात अडकला. लिहिलेल्या पानावर त्यांनी काट मारली. फडताळं, मडकी, रस धरायच्या बांबूच्या नळ्या सगळं स्वतः हुंगून पाहिलं, रसाचा नमुना बाटलीत भरला. "आधीची दोन घरंही परत बघते," त्या म्हणाल्या. "आणि आता हो-नाही विचारायचंच नाही. काय घालता ते दाखवा म्हणायचं."

नमुना चोख निघाला, दाखला आला, कंटेनरही वेळेत सुटला. पण हे सगळं पुढे. त्या दुपारी पार्तिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. "लाकडं आणते," म्हणून ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि मोळीला धरून हमसून हमसून रडली. तिला फार, फार बरं वाटलं.

"अगं ए भवाने!" आतून आवाज आला. "लाकडं आणायला गेलीस की माड लावायला? रस उतू चाललाय इकडे! आंधळी, बहिरी, कुठली कार्टी आणली माझ्या पोराने!"

"आले, म्बोक!" पार्तिनी बाहीला नाक पुसत, कवेत लाकडं घेऊन धावत आत आली. एवढ्या शिव्या खाऊन ही बाई अशी हसतेय कशाला, ते मेदानच्या बाईंना काही केल्या कळेना.