करुणाची कबुली

लासुर्ण्याची करुणा लोंढे लोणी देवकरच्या एका कारखान्यात संगणक सांभाळते. सगळ्यांची नावं आणि पासवर्ड ठेवणारा सर्व्हर त्या सकाळी तिसऱ्यांदा अडला. कुणालाच लॉगिन होईना. ‘मर्यादेपेक्षा जास्त फाइली उघड्या’ एवढंच तो सांगत होता. ती मर्यादा तर करुणानं मागच्याच आठवड्यात वाढवली होती.

“मॅडम, परत चालू करा की. माणसं खोळंबल्यात,” पाळीचे प्रमुख सर्जेराव म्हणाले.

“आबा, दहा मिनिटं द्या. नुसतं चालू केलं, तर तासाभरात परत हेच हाय.”

सर्व्हरवर लॉगिन तपासणारा जो प्रोग्राम चालतो, त्याची मर्यादा तिनं तपासली. ती जुनीच होती, एक हजार चोवीस! सर्व्हर सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या या प्रोग्रामची मर्यादा वेगळ्या ठिकाणी लिहावी लागते. तिनं ती भलतीकडंच लिहिली होती.

“चूक माझीच हाय,” ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि दुरुस्तीला लागली.

तरी एवढ्या फाइली उघडतं कोण? सर्व्हरशी झालेली प्रत्येक जोडणी एक फाइल धरून ठेवते. मोजल्यावर कळलं, की गेटवरची हजेरीची यंत्रं काम झाल्यावरही जोडणी सोडतच नव्हती. पाच मिनिटं शांत राहिलेली जोडणी सर्व्हरनंच तोडावी, अशी सोय तिनं केली.

संध्याकाळी पाळी बदलली, तरी उघड्या फाइलींचा आकडा दोनशेच्या वर गेला नाही.

“चूक सांगितली नसती, तर कुणाला कळलंबी नसतं,” सर्जेराव कौतुकानं म्हणाले.

“मग पुढचा माणूस तितंच अडकला असता, आबा,” करुणा म्हणाली आणि तिनं सगळं नोंदवहीत लिहून ठेवलं.