शनिवारचा तास आणि कॉम्प्युटरची घरघर

मुलांनो, आपला शनिवारचा मराठीचा तास मध्यंतरी काही आठवडे बंद होता. तेव्हा मी तुम्हाला फक्त ‘मामाची झोप होत नाही’ एवढंच सांगितलं. धाकट्याने विचारलं होतं, “आजी, डिड वी डू समथिंग?” तुम्ही काहीच केलं नव्हतं. काय झालं होतं ते आता नीट लिहून ठेवते. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

कतारमधलं अल खोरचं आमचं घर तुम्ही पाहिलं आहे, पण तेव्हा धाकटा रांगत होता. माझी खोली आणि मामा-मामीची खोली यांच्यात एकच भिंत आहे. माझं टेबल त्याच भिंतीला लागून आहे, कारण दुसऱ्या बाजूला कपाट, आणि तिसरीकडे ठेवलं तर खिडकीतलं ऊन थेट स्क्रीनवर येतं. कॉम्प्युटर मोठा, उभ्या खोक्याचा. कतार सोडून भारतात परतणाऱ्या एका कुटुंबाकडून मामाने तो घेतला होता. मला मोठीच स्क्रीन लागते. एका बाजूला तुमचे दोन चेहरे आणि दुसऱ्या बाजूला धड्याचं पान, हे फोनवर जमत नाही.

मामा रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये काम करतो. तिथले मोठमोठे पंप आणि कॉम्प्रेसर नीट फिरताहेत की नाही हे पाहणं त्याच्याकडे असतं. रात्रपाळी असली की सकाळी कंपनीच्या बसने येतो, नाश्ता करतो आणि झोपतो. तुम्ही आमच्या खूप पूर्वेला राहता, त्यामुळे तुमची शनिवारची संध्याकाळ ही आमची सकाळ, म्हणजे नेमकी त्याच्या झोपेची वेळ.

कॉम्प्युटर आधीपासूनच थोडा गुणगुणायचा. दसऱ्यानंतर मात्र तो घरघरायला लागला. एसीचा आवाज मामाला चालतो, कारण तो एकसारखा असतो. हा वर-खाली व्हायचा, मध्येच टिकटिक करायचा. एका शनिवारी आपला तास चालू असताना मामा उशी काखेत घेऊन माझ्या दारावरून गेला आणि हॉलमधल्या सोफ्यावर आडवा झाला. तिथे कुकरच्या शिट्ट्या. दुपारी उठला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

संध्याकाळी मामी म्हणाली, “आई, तास बंद करा असं मी म्हणणार नाही. पण रात्रपाळीच्या आठवड्यात नको. झोप न झालेला माणूस त्या मशिनींमध्ये फिरतो, मला भीती वाटते.”

तिचं बरोबर होतं. पण एक शनिवार चुकला की थोरली “आजी, आय फरगॉट” म्हणते, आणि दोन चुकले की धाकटा स्क्रीनसमोर बसत नाही, हे मला माहीत होतं. तुमचे बाकीचे दिवस पोहणं आणि इतर वर्गांनी भरलेले. अर्धे शनिवार गेले असते तर तास हळूहळू संपलाच असता. मी म्हटलं, आवाज जाईपर्यंत तास बंद, पण आवाज घालवायचा.

“नवा लॅपटॉप घेऊ गं, खलास,” मामा म्हणाला.

“प्लांटवर पंप आवाज करायला लागला की नवा पंप मागवतोस का?”

“नाही. आधी आवाज कुठून येतोय ते शोधतो.”

“मग तेच मला शिकव.”

त्याने दोन गोष्टी सांगितल्या. काही आवाज हवेतून येतो, काही वस्तूंमधून. दोघांचे उपाय वेगळे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. शाळेत आम्हाला विज्ञानाच्या बाईंनीही हेच सांगितलं होतं, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

मामा कामावर गेल्यावर मी कॉम्प्युटर चालू केला आणि त्याच्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावला. आश्चर्य म्हणजे टिकटिक तिथे येतच नव्हती. येत होती ती खोल, जाड घुं-घुं. म्हणजे ती भिंतीतून जात होती. परत येऊन मी खोक्यावर तळहात दाबून ठेवला. आवाज अर्धा झाला. हात काढला, पुन्हा तेवढाच.

आता खोकं कशावर होतं ते सांगते. फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून मी ते जेवणाच्या जुन्या पाटावर ठेवलं होतं आणि पाट भिंतीला टेकवला होता. पाटाखाली दोन पट्ट्या असतात आणि मध्ये पोकळी. एक पट्टी झिजली होती, त्यामुळे पाट किंचित डुगडुगत होता. आतली थरथर पाटात, पाटातून भिंतीत, भिंतीतून मामाच्या उशाशी.

पाट काढून मी गोधडीची चौपदरी घडी खाली घातली. घुं-घुं गेली, पण तासाभरात पंखे इतके जोरात फिरू लागले की खोलीत बोलणं ऐकू येईना. मामाने आल्यावर वाकून पाहिलं आणि हसला. “अगं, हा खालून हवा ओढतो. तू त्याचं नाक दाबलंस.” मग जुन्या रबरी चपलेचे चार तुकडे कापून चार कोपऱ्यांखाली ठेवले आणि खोकं भिंतीपासून हातभर लांब सरकवलं. खालून हवाही जाते आणि थरथर रबरातच मरते. वरून मी शिवलेलं झालरीचं कव्हर होतं, तेही मामाने काढायला लावलं. घरात मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, तसं यालाही शिवलं होतं. चालू असताना कशालाही पांघरूण घालू नये, हे मला सुचलं नव्हतं.

टिकटिक राहिलीच होती. मामाने सांगितलं की प्लांटवर जुने लोक लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून आतला आवाज ऐकतात. मी स्वयंपाकघरातून लाटणं आणून एक टोक खोक्याला आणि दुसरं कानाला लावलं. तेवढ्यात मामी आली.

“आई, कॉम्प्युटरच्या पोळ्या करताय का?”

“थांब गं. वरच्या बाजूला आवाज मोठा आहे, खाली काहीच नाही.”

“द्या बघू इकडे.” आणि मग लाटणं कानाला लावून तीच बराच वेळ खोक्याशी बसून राहिली. तिचंही मत वरचा पंखा असंच पडलं.

सुट्टीच्या दिवशी मामा म्हणाला, “यल्ला, चल, प्लग काढ.” बाजूचा पत्रा उघडल्यावर आत इथली पिवळसर बारीक धूळ पिठासारखी साचलेली होती. आम्ही खोकं गॅलरीत नेऊन ती मऊ ब्रशने झटकली. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची आणि मगच फुंकायचं, नाहीतर पंखा उलटा गरगरतो आणि बिघडतो. वरच्या पंख्याच्या कडेला काहीतरी लालसर चिकटलं होतं. मामाने चिमट्याने ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा. कुंकू लावलेला.

दसऱ्याला आपण हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतो. मीही कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावून अक्षता वाहिल्या होत्या. वरच्या जाळीतून त्या आत गेल्या. बाकीचे दाणे तळाशी पडले होते, हा एक ओल्या कुंकवामुळे पंख्याच्या चौकटीला चिकटून पातीला लागत होता.

“आई, पुढच्या वर्षी याला नुसतं फूल,” मामा म्हणाला.

“आणि तेही बाजूला ठेवीन.”

पत्रा परत लावताना त्याचे स्क्रू ढिले होते ते आवळले. चालू केला तेव्हा मला वाटलं चालूच झाला नाही. मामा आपल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवा झाला आणि भिंतीवर टकटक करून ओरडला, “काही नाही! एकदम गप्प!” मामीने तिथल्या तिथे तास सुरू करायला परवानगी दिली. रात्रपाळीच्या आठवड्यातसुद्धा.

तो पहिला शनिवार तुम्हाला आठवत असेल. हरवलेल्या शेळीची गोष्ट मी सांगितली आणि थोरलीने एक पान न अडखळता वाचलं. मी खुश होते. दुपारी मामा उठून बाहेर आला. मी विचारलं, “झोप?”

तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “त्या म्हातारीची शेळी सापडली का शेवटी?”

मला क्षणभर कळेना. मामी ओट्याशी हसायला लागली.

“कॉम्प्युटर अजिबात ऐकू आला नाही, आई. सगळा तास ऐकू आला. आधी त्या घरघरीत तुझा आवाज बुडत होता. आता फक्त तूच.”

आम्ही चाचणी केली होती ती कॉम्प्युटर चालू करून, मी तोंड न उघडता. इतके महिने मी पंख्यांच्या वर आवाज चढवून बोलत होते आणि पंखे शांत झाल्यावरही तसंच बोलत राहिले. तुम्हीही तिकडून ओरडूनच उत्तर द्यायचात, ते मला लहान मुलांचा उत्साह वाटायचा.

मामी म्हणाली, “आता तुम्हाला कुठे रबर लावायचं?” पण बंद करा असं म्हणाली नाही. तिने तिचे जुने हेडफोन दिले, तोंडापुढे माइक असलेले. आठवडाभर मी ते लावून एकटीच हळू बोलायची सवय केली. सोपं नव्हतं. गोष्टीतला वाघ हळू आवाजात डरकाळी कशी फोडणार?

पुढच्या शनिवारी मी हळू बोलले तर तुम्ही दोघंही आपोआप हळू बोलायला लागलात. धाकट्याला ऐकू येईना म्हणून तो स्क्रीनच्या जवळ सरकला आणि तास संपेपर्यंत तिथेच राहिला. रात्रपाळीचा आठवडा होता. मामा दुपारी उठला, डोळे चोळत स्वयंपाकघरात गेला आणि भाजी कसली आहे ते विचारलं. गोष्टीचं नाव काढलं नाही.